एका मळक्या यानाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनं अंतराळयान आहे. लगेच वर आकाशाकडे बघू नका, मी टेबलावर आहे. माझी लांबी वीतभर, पोट बेडकासारखं फुगलेलं, मान आखूड आणि मागे तीन इंजिनं. त्यातलं मधलं इंजिन गुलाबी आहे. हसून घ्या. सगळेच हसतात. तुमचं हसून झालं की मी सुरू करतो.

आणि एक सांगून ठेवतो. मला विमान म्हणायचं नाही. बोट म्हणायचं नाही. एका बाईंनी मला इस्त्री म्हटलं होतं, त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

माझा जन्म साच्यातला. रेझिन नावाचा एक उग्र वासाचा पातळ रस असतो. दोन बाटल्यांतला रस एकत्र ढवळायचा, रबराच्या साच्यात ओतायचा आणि घट्ट झाला की बाहेर ओढायचा. मला ज्याने ओतलं त्याला बहुतेक जेवायला जायची घाई होती. चहात साखर ढवळावी तसा त्याने रस ढवळला, त्यामुळे माझ्या नाकात, पाठीवर, पोटावर हवेचे बुडबुडे अडकले. उजवा पंख तर पुरता घट्ट व्हायच्या आतच ओढून काढला. तो केळ्यासारखा वाकला. मग त्याने मला पिशवीत भरलं, खोक्यात कोंबलं आणि हात धुतले.

खोक्यावरचं माझं चित्र मात्र काय होतं म्हणता! काळ्याभोर आकाशात मी चाललोय, इंजिनातून ज्वाळा निघताहेत, अंगावर काजळी, गंज, ओरखडे. जन्मभर ताऱ्याताऱ्यांवर माल पोचवून थकलेलं, पण खमकं असं मालवाहू यान. आणि खोकं उघडलं की पिवळट तुकड्यांचा ढीग, कुणीतरी साबणाची वडी पायाखाली चिरडावी तसा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. सोबत एक कागद होता. त्यावर माझं चित्र, एक बाण आणि 'इथे चिकटवा' एवढंच. बाण जिथे टेकत होता तिथे काहीच नव्हतं.

असा मी दुकानातून एका घरी आलो. एका लेकीने आपल्या बाबांना वाढदिवसाची भेट म्हणून मला आणलं.

हे बाबा म्हणजे कवळीमास्तर. घराच्या मागच्या खोलीत बसून ते दातांच्या कवळ्या बनवायचे. दाताचे डॉक्टर जबड्याचा ठसा पाठवत आणि मास्तर त्यावरून गुलाबी हिरडी, पांढरे दात असा अख्खा हसरा ऐवज तयार करून देत. गावातले निम्मे म्हातारे त्यांच्या कृपेने हसत होते. पण मास्तरांची एक खोड होती. दुसऱ्याचं काम ते वेळेवर पुरं करायचे, स्वतःचं कधीच नाही.

त्या खोलीत एक फळी होती. तिच्यावर मास्तरांनी हौसेने सुरू केलेल्या आणि अर्ध्यात सोडलेल्या वस्तू बसल्या होत्या. तळ नसलेली पाणबुडी, छप्पर नसलेला किल्ला, चाकं नसलेलं रेल्वेचं इंजिन. पाणबुडी लेक बालवाडीत असताना तिच्यासाठी सुरू केली होती. आता लेक इंजिनियर झाली होती आणि पाणबुडी तशीच तळावाचून. मी खोलीत आलो तेव्हा फळीवरची ती मंडळी थोडी थोडी सरकली. मला जागा करून देत होती. 

महिनाभर मास्तरांनी मला हात लावला नाही. मग एका संध्याकाळी जेवताना लेकीने बातमी सांगितली. तिला परदेशात नोकरी लागली होती. पावसाळा संपला की जायचं.

जेवण थांबलं. त्या दिवशी लेकीचा मामाही जेवायला होता. हा मामा म्हणजे मास्तरांचा मेहुणा, धंद्याने मोटार चालवायला शिकवणारा. समोरचा गप्प बसला की याला बोलायचा जोर चढतो.

"अगं, जाताना तुझ्या बाबांची पाणबुडी घेऊन जा," मामा म्हणाला. "समुद्र लागेलच वाटेत. तळ नाही म्हणा तिला, पण भावोजी म्हणतील उद्या बसवतो."

"ती दुरुस्तीला आहे," मास्तर म्हणाले.

"वीस वर्षं?"

"मामा, पुरे," लेक म्हणाली. मग बाबांकडे वळली. "बाबा, ते यान पुरं करा. झालं तर मी बरोबर नेते, माझ्या खोलीत ठेवीन. नाही झालं तर राहू दे तुमच्या फळीवर."

ती सहज बोलली, पण मास्तरांचा हात पानातच राहिला. मला खोक्यातून सगळं ऐकू आलं. म्हणजे आता सरळ हिशेब होता, मित्रांनो. पुरा झालो तर लेकीबरोबर सातासमुद्रापार. अपुरा राहिलो तर पाणबुडीच्या शेजारी, जन्मठेप.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला टेबलावर मांडलं. डोळ्याला भिंग लावून माझा एक तुकडा उचलला, उजेडात धरला आणि पहिलं वाक्य काय बोलावं त्यांनी? "वा! सिगरेट ओढणाऱ्याच्या दाताचा रंग."

तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की हा माणूस मला यान समजणार नाही, जबडा समजणार आहे.

माझ्या नाकावरचे बुडबुडे त्यांनी कीड भरावी तसे भरले. भरताना तोंडाने पुटपुटत होते, "जरासं दुखेल हं." माझ्या पोटाचा दरवाजा बसवताना म्हणाले, "आ करा. मोठा आ." वाकडा पंख सरळ करायला मला गरम पाण्यात बुडवलं. हे मात्र बरोबर होतं. रेझिन गरम पाण्यात मऊ पडतं, मग हाताने सरळ करून गार पाण्यात धरायचं. पण पातेलं कुठलं घेतलं? तर बायकोचं.

आता बायकोबद्दल सांगायला हवं. ती इस्पितळात परिचारिका. घरीदारी सगळे तिला सिस्टर म्हणायचे. मास्तर एरवी 'अगं' म्हणत आणि रागावले की 'सिस्टर'. तिच्या मते जगात दोनच गोष्टी होत्या, निर्जंतुक आणि बाकीच्या. भाजी ती दोनदा धुवायची, पाहुण्यांचे हात एकदा. आणि मी ज्या पातेल्यात डुंबत होतो ते तिचं थर्मामीटर आणि चिमटे उकळायचं पातेलं होतं.

"अहो, या पातेल्यात काय शिजतंय?"

"पंख."

"कुणाचा?"

"यानाचा. सरळ करतोय."

"हे पातेलं निर्जंतुक आहे!"

"मग चांगलंच आहे की. त्याला जंतुसंसर्ग होणार नाही."

सिस्टरने मला चिमट्याने बाहेर काढलं, मेलेला उंदीर धरतात तसं, आणि खिडकीत ठेवलं. खिडकीत ऊन होतं. पंख पुन्हा केळं झाला. मास्तरांनी पुन्हा पाणी गरम केलं. सिस्टरने पुन्हा काढलं. त्या आठवड्यात माझा पंख इतक्या वेळा सरळ-वाकडा झाला की मला वाटलं मी यान नसून मासा आहे.

शेवटी मी जोडला गेलो. कानस झाली, घासणं झालं, वर करडा स्प्रे बसला. आणि मग मास्तरांची खरी हौस सुरू झाली. पॉलिश! कवळ्यांच्या चाकावर त्यांनी मला धरलं आणि असं घासलं, असं घासलं, की माझ्या पाठीवर त्यांच्या टकलाचं प्रतिबिंब दिसायला लागलं. मी समोरच्या दातासारखा चमकत होतो. मास्तरांनी लेकीला हाक मारली.

लेकीने मला बघितलं. मग खोक्यावरचं चित्र बघितलं. मग बाबांकडे बघितलं.

"बाबा, हे मालवाहू यान आहे."

"हो ना."

"हे नवरदेवासारखं का दिसतंय? याने किती खेपा केल्या असतील. काजळी कुठाय? गंज कुठाय? मळवा याला."

"मळवू?" मास्तरांना शब्दच कळेना. या माणसाने जन्मभर पिवळ्याचं पांढरं केलं होतं. हातातली वस्तू मुद्दाम घाण करायची हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्या खेपेला त्यांनी माझ्यावर सारख्या अंतराने सारखे तपकिरी ठिपके दिले. ओळीत, दातांसारखे. लेक म्हणाली, "बाबा, याला गोवर झालाय." मास्तरांनी ते पुसले. मग ते घाण शिकायला बाहेर पडले.

हो, शिकायला. खिशात भिंग घालून मास्तर गल्लोगल्ली घाण बघत हिंडले. किटलीचं बूड, गटाराचे पाइप, बसचा मागचा भाग. मला पिशवीतून बरोबर नेत, ताडून बघायला. एकदा कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी उभी होती. मास्तर तिच्या चाकाशी उकिडवे बसले आणि भिंगातून चिखल बघायला लागले. ड्रायव्हर खाली उतरला.

"काय हरवलं का, काका?"

"नाही हो. तुमची गाडी फार छान मळलीय."

ड्रायव्हरने कमरेवर हात ठेवले. "टोमणा मारताय?"

"छे छे! मनापासून सांगतोय. हे बघा, इथे गंज वरून खाली ओघळलाय आणि त्याच्यावर धूळ. आधी गंज, मग धूळ. असा क्रम असतो होय! मी उलटं करत होतो."

"घर कुठंय तुमचं? सोडू का?"

मास्तरांनी मला पिशवीतून काढून दाखवलं. ड्रायव्हरने मला हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. "विमान आहे होय," म्हणाला. मी दात ओठ खाल्ले असते, पण दात मास्तरांच्या दुसऱ्या खिशात होते.

त्याच दातांनी पुढचा घोळ केला. ते दात एका निवृत्त न्यायाधीशांचे होते. त्यांची नवी कवळी तयार होती. टेबलावर एका ताटलीत माझं मधलं इंजिन, दुसऱ्या ताटलीत साहेबांची कवळी. मास्तर तेव्हा माझ्या गंजात इतके बुडाले होते की त्यांनी डबीत काय घातलं आणि कुणाच्या हाती पाठवलं हे त्यांना समजलंच नाही. संध्याकाळी फोन आला.

"मास्तर, कवळी पोचली."

"बसली का, साहेब?"

"एकच दात दिलाय तुम्ही."

"एकच?"

"आणि तोही पोकळ. मी दोन्ही बाजूंनी लावून बघितला. बायको म्हणते शिट्टी आहे."

मास्तरांनी ताटली बघितली. इंजिन नव्हतं. "साहेब, ते आधी तोंडातून काढा. ते इंजिन आहे."

फोनवर काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग, "कशाचं?"

"अंतराळयानाचं."

"मास्तर, मी जन्मभर खोटे साक्षीदार ऐकले. पण तुमच्यासारखा नाही."

आणि साहेबांची कवळी? ती सापडेचना. शेवटी लेकीने माझ्या पोटाचा दरवाजा उघडला तर आतून ती तिच्याकडे बघून हसली. मास्तरांनी कुठल्या तंद्रीत ती तिथे ठेवली देव जाणे. माझ्या आयुष्यातला पहिला माल, मित्रांनो. ताऱ्यांवरची खनिजं नाहीत, हिरे नाहीत. न्यायाधीशाचे दात.

मास्तर कवळी घेऊन धावत साहेबांकडे गेले. पण तोवर साहेबांनी माझं इंजिन टेबलाच्या कडेला ठेवलं होतं आणि साहेबांचा कुत्रा टेबलाखाली झोपला होता. चेहऱ्यावर समाधान होतं.

"दोन दिवस वाट बघा," साहेब म्हणाले. "परत मिळेल."

मास्तरांनी कुत्र्याकडे बघितलं आणि हात जोडून नको म्हणाले.

आता बाजारात सुटं इंजिन मिळत नाही. पण मास्तरांना साचा करता येत होता, तोच त्यांचा धंदा. माझ्या डाव्या इंजिनाचा ठसा घेऊन त्यांनी नवीन इंजिन ओतलं. कशात? घरात जे होतं त्यात. हिरड्यांच्या गुलाबी मसाल्यात. आणि सवयीने त्याला पॉलिशही मारलं. मग वरून पोलादी रंग दिला. आता गुळगुळीत वस्तूवर रंग नुसता बसतो, धरत नाही. हे मास्तरांना माहीत होतं. पण सवय ही सवय. रंग वरवर छान दिसला, तिन्ही इंजिनं सारखी दिसली, आणि मीही गप्प राहिलो. बोलता कुठे येतं मला?

पावसाळा संपत आला तसं मास्तरांनी खोलीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. धूळ येऊ नये म्हणून! आत बसून ते माझ्यावर धूळ रंगवत होते आणि बाहेरची खरी धूळ येऊ नये म्हणून फटीत फडकं कोंबत होते. पण हात आता बसला होता. इंजिनांच्या कडेला काजळी, पोटाखाली तेलाचे ओघळ, दरवाजाभोवती हजारदा उघडझाप केल्याचे ओरखडे. उजव्या पंखावर एक लांब गंजाची रेघ, कचऱ्याच्या गाडीवर होती तशीच. मी खोक्यावरच्या चित्रापेक्षाही थकलेला दिसत होतो. खरं सांगू? मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण कुठूनतरी आलोय.

फळीवरची पाणबुडी माझ्याकडे बघत नव्हती.

लेक निघायच्या दिवशी सकाळी मास्तरांनी शेवटचा हात फिरवला. आता फक्त वार्निशचा फवारा बाकी. तो बसला की रंग पक्का, मग पाणी लागो की हात लागो. फवाऱ्याचा डबा हलवला तर रिकामा. "आलोच," म्हणून मास्तर चपला घालून दुकानात गेले. दार उघडं राहिलं.

आणि सिस्टर कामावरून घरी आली.

तिला त्या महिन्यात इस्पितळात जादा ड्यूटी होती. घरात लेकीची बांधाबांध चालली होती आणि ही रोज परक्यांची अंथरुणं बदलत होती. आल्या आल्या तिने बॅगा बघितल्या. सगळं भरून झालं होतं. मोजे, स्वेटर, औषधं, सगळं लेकीने स्वतःच भरलं होतं. आईने करायचं काही राहिलंच नव्हतं. ती या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरली, एक घडी उलगडून पुन्हा घातली. आणि मग तिला उघड्या दारातून मी दिसलो.

"अगं आई गं!" ती म्हणाली. "हे घेऊन जाणार माझी पोर?"

मी ओरडलो. तुम्हाला शपथ, मी आतल्या आत बोंबललो. पण तिने पर्स उघडली, कापसाचा बोळा काढला, स्पिरिटची बाटली काढली.

मित्रांनो, स्पिरिट म्हणजे काय ते तुम्हाला इंजेक्शनच्या वेळी कळलं असेल. गार लागतं, झोंबतं आणि मग सुई येते. मला सुई आली नाही, पण त्यापेक्षा वाईट झालं. पहिल्या हातात माझी गंजाची रेघ गेली. दुसऱ्या हातात काजळी. तेलाचे ओघळ, ओरखडे, मास्तरांचा अर्धा पावसाळा त्या बोळ्यावर तपकिरी डाग होऊन बसला. खालचा करडा स्प्रे तेवढा टिकला. सिस्टर मायेने पुसत होती, कोपरे न् कोपरे, अंगावरच्या बाळाला पुसावं तसं. मधेच डोळेही पुसत होती, दुसऱ्या हाताने. उजवी बाजू झाली. मग तिने मधलं इंजिन घासलं. पोलादी रंग सालीसारखा निघाला आणि आतून गुलाबी हिरडी वर आली.

सिस्टर थबकली. "हे काय?"

दारात मास्तर उभे होते. हातात वार्निशचा नवा डबा.

"सिस्टर," ते म्हणाले.

"अहो, किती घाण होतं हे! बघा, अर्धं चकचकीत केलं. तेवढं इथलं काही निघेना, आत सूज आलीय वाटतं..."

"ती घाण मी केली होती."

"म्हणजे?"

"मुद्दाम केली होती! काडीच्या टोकाने! एक एक!"

"घाण मुद्दाम कोण करतं?"

"मी! मी करतो! जन्मात पहिल्यांदा नीट घाण केली होती मी!"

 सिस्टरने बोळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. तिचा चेहरा उतरला. "मला वाटलं," ती हळूच म्हणाली, "तिचं सगळं तिनेच भरलं. निदान हे तरी मी तिला नीट करून द्यावं."

 मास्तरांनी मला उचललं आणि फळीकडे नेलं. पाणबुडी सरकली. मला टेकवलं तेव्हा मला तिचं मोकळं पोट दिसलं, अगदी जवळून. संपलं म्हटलं. इतकं भाजून, वाकून, घासून, कुत्र्याच्या पोटात अवयव देऊन शेवटी इथेच.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मामा आला होता, विमानतळावर सोडायला. गाडी त्याची शिकवणीचीच, दोन ब्रेकवाली. तो वर आला, खोलीत डोकावला, फळी बघितली. तोंड उघडलं, आपल्या ताईचा, म्हणजे सिस्टरचा चेहरा बघितला आणि जन्मात पहिल्यांदा तोंड मिटलं.

त्याच्या मागोमाग लेक आली. "यान कुठाय?"

 सिस्टरच पुढे झाली. "बाळा, मी पुसलं गं. मला माहीत नव्हतं."

लेकीने मला फळीवरून उतरवलं. डावी बाजू बघितली. मळलेली, थकलेली, बाबांची. उजवी बघितली. धुतलेली, स्पिरिटचा वास येणारी, आईची. मग मागून बघितलं आणि तिला हसू फुटलं. "हिरडी! बाबा, याला हिरडी आहे!"

"मी परत रंगवतो," मास्तर म्हणाले. "एक महिना दे. पाठवून देईन."

"बाबा."

"पंधरा दिवस."

"बाबा, तुम्ही पाणबुडीलाही एक महिनाच मागितला होता."

 लेकीने बाबांच्या हातातला डबा घेतला, खडखड हलवला आणि खिडकीशी जाऊन माझ्यावर फवारा मारला. डावीकडून, उजवीकडून, गुलाबी इंजिनावर, सगळीकडे. वार्निश गार बसलं आणि आवळत गेलं.

"झालं," ती म्हणाली. "आता हे पक्कं. आता कुणी मळवायचं नाही आणि कुणी पुसायचं नाही. यान पुरं झालं."

"पण अर्धंच..." मास्तर आणि सिस्टर एकदम म्हणाले.

"पुरं झालं!"

माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मी असा अर्धा धुतलेला, बुडाला हिरडी असलेला कुठेही जाणार नाही. पण मी चाललो होतो. वाळायला मामाच्या गाडीच्या मागच्या काचेत ठेवलं, 'शिकाऊ' लिहिलेल्या पाटीच्या शेजारी. सिस्टर माझ्या शेजारी बसली होती. वाटेत तिने एकदा मला हातात घेतलं, माझं पोट उघडलं, बंद केलं. मला वाटलं, आता आणखी काय पुसायचं राहिलंय?

विमानतळावर एक तपासनीस होता. त्याने लेकीची बॅग उघडली आणि मला बाहेर काढलं.

"हे काय?"

"यान."

मी त्याच्यावर खूश झालो नाही, पण लेकीवर झालो.

"मागे गुलाबी काय आहे?"

"हिरडी."

त्याने लेकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आत काही माल?"

"नाही, रिकामं आहे," लेक म्हणाली.

त्याने नखाने माझा दरवाजा उघडला. आतून जखमेवर लावायच्या पट्ट्या निघाल्या, गठ्ठाभर. सुई आणि दोऱ्याचं छोटं रीळ. आणि पाकीटबंद स्पिरिटचे बोळे! माझ्या पोटात! शत्रूचा दारूगोळा माझ्याच पोटात भरला होता त्या बाईने!  पण लेक त्या पट्ट्यांकडे बघत राहिली. मग तिने काचेपलीकडे बघितलं. तिथे सिस्टर उभी होती, मास्तरांच्या बाहीला धरून, आणि अजिबात काही केलंच नाही असा चेहरा करून भलतीकडे बघत होती. लेकीचं नाक लाल झालं.

"आईने भरलं वाटतं?" तपासनीस म्हणाला.

लेकीने मान हलवली.

"रिकामं नाही मग," तो म्हणाला आणि दरवाजा अगदी हळू लावला.

तर मित्रांनो, असं मी अखेर आकाशात उडालो. कुणाच्या तरी सीटखाली, बॅगेत, तोंड खाली करून. एक तारा दिसला नाही.

आता मी लेकीच्या खोलीत खिडकीशी असतो. परक्या गावी पहिल्याच आठवड्यात भाजी चिरताना तिचं बोट कापलं, तेव्हा माझा दरवाजा उघडला. नंतर नवा बूट टाचेला चावला, तेव्हा उघडला. मालवाहू यानाचं काम मी करतो, एवढं म्हणू शकता. रविवारी फोनच्या पडद्यावर दोघं दिसतात.

"अगं, त्या यानावर धूळ बसलीय. पूस जरा," सिस्टर म्हणते.

"पुसू नकोस!" मास्तर मागून ओरडतात.

"ती खरी धूळ आहे, अहो!"

"असू दे! रंग छान जमलाय!"

मागच्या रविवारी मास्तरांनी पडद्यासमोर काहीतरी अभिमानाने धरलं. पाणबुडी होती. तिला तळ बसला होता. तळ गुलाबी होता. मला त्या बयेचं कौतुक वाटलं आणि जरा बरंही वाटलं, की हसायला लोकांना आता मी एकटाच नाही.

फोन ठेवला की लेक माझी उजवी बाजू, आईची, बोटाने पुसते. डावी, बाबांची, तशीच ठेवते. वार्निशमुळे आता काही बिघडत नाही, पण तिने ठरवलंय तसं.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या घरी कुणी महिनोन् महिने मान मोडून काही करत असेल आणि ते तुम्हाला मळकं, वाकडं किंवा इस्त्रीसारखं दिसलं, तर बोळा हातात घेण्याआधी एकदा विचारा. ही धूळ बसलेली आहे, की बसवलेली?